देवीचा डावा हात

कळंब्याच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वी फरशीचं गोदाम होतं. त्या पत्र्याच्या शेडात आता देवी बसत होती आणि रविवारी सकाळी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर मोटारसायकलींची रांग, नारळाच्या गाड्या, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. आत धुपाचा असा धूर, की पंखे नुसते तो इकडचा तिकडं ढकलत होते. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांचे मोबाईल डोक्याच्या वर.

व्यासपीठावर चांदीचा वर्ख लावलेल्या खुर्चीत एक बाई बसली होती. तिशीची असेल. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, गळ्यात हारांचा ढीग. आणि ओठ निळे. रंगवलेले नव्हेत, खरोखरचे निळे, जांभळं खाऊन उठल्यासारखे. नखंही तशीच, वर बोटांची टोकं फुगीर. मांडीवर नारळ ठेवलेला तांब्याचा कलश होता आणि तो धरलेला डावा हात कलशासकट हिरव्या खणात घट्ट गुंडाळला होता. उजवा हात मात्र भक्तांसाठी मोकळा, खुर्चीच्या हातावर उताणा ठेवलेला.

"निळाई माता की..."

"जय!" पत्रे थरारले.

यशराज महाराज पुढं आले. पांढरा सदरा, कपाळाला भस्म, कानाला अडकवलेला माइक. "भक्तांनो, मी काय बोलत न्हाय. मी कोण बोलणार? आज सायन्स बोलंल! मशीन बोलंल! ओ पैलवान, तुमी, निळा शर्ट. या वर. लाजताय काय? कुस्तीत लाजताय काय? धरा आईचा हात. हुडका नाडी."

पैलवानानं आपल्या राकट पंजात तो हात घेतला. मनगटावर बोटं ठेवली, सरकवली, दाबली, पुन्हा सरकवली. त्याचा चेहरा उतरत गेला.

"घावली?"

"न्हाय."

"जोरात सांगा की!"

"न्हाय वं नाडी! आनि हात बी गार हाय!"

"नाडी न्हाय!" महाराज गरजले. "नाडी कुनाला नसती? मयताला. आई मयत हाय का? डोळं उघडं हायत, श्वास चालू हाय. मग नाडी नसून जिवंत कोन असतं?"

"देवी!" गर्दीनं एका सुरात उत्तर दिलं. गणित सुटलं होतं.

मग रक्तदाब मोजायचं मशीन आलं. पट्टा उजव्या दंडाला. मशीन फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं आणि शेवटी काचेवर आकड्यांऐवजी चूक झाल्याची खूण दाखवून गप्प झालं. "जपानी मशीन हाय! त्येनं बी हात टेकलं!" महाराजांनी मशीनलाच नमस्कार केला.

शेवटी त्यांनी खिशातून बोटभर लांबीची वस्तू काढली आणि ती देवीच्या पायाच्या बोटाला चिमट्यासारखी लावली. "हे वळखता का? ऑक्सिजन मोजायचं, कोरोनात घराघरात हुतं. नव्वदच्या खाली आलं की आपन काय करत हुतो? बेड हुडकत हुतो. ऐंशीला मानूस हाताखालनं जात हुतं. आता बगा आईचा आकडा!"

कॅमेरा जवळ गेला. मागच्या मोठ्या पडद्यावर लाल आकडा उमटला: चौऱ्याहत्तर. मशीनच्या खालच्या भागावर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला होता.

शेडभर एक हुंकार उठला. त्या आकड्यांची भीती अजून कुणाच्या अंगातून गेली नव्हती. बायकांच्या घोळक्यातली एक जण पदर तोंडाला लावून हुंदका देत म्हणाली, "माजं मालक ब्याऐंशीला गेलं वं... ब्याऐंशीला." तिच्या शेजारणीनं तिचा हात धरला आणि दोघी निळाईला हात जोडून उभ्या राहिल्या.

खांबाला टेकून उभी असलेली मनाली कांबळे हे बघत होती आणि तिचे दात एकमेकांवर घासत होते. या माणसानं लोकांच्या मयतांनाही चाकरीला लावलं होतं.

मनाली दूध संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. कुणाच्या कॅनमध्ये पाणी आहे, कुणाच्या कॅनमध्ये युरिया, हे शोधण्यात तिची सकाळ जायची. भेसळ करणारे दोन प्रकारचे असतात, असं तिचं मत होतं: एक पकडल्यावर पाया पडणारे आणि दुसरे पकडल्यावर आवाज चढवणारे. तिच्याबरोबर आलेले हंबीरराव पाटील संकलन विभागात होते, निवृत्तीला आलेले, पापभीरू, दर रविवारी जोतिबाचा डोंगर चढणारे. शुक्रवारी त्यांनीच मोबाईलवरचा निळाईचा व्हिडिओ तिच्यापुढं धरला होता. "मनाली, बग की. नाडी न्हाय पोरीला, आनि जित्ती हाय. तुजं सायन्स काय म्हनतंय ह्येला?"

मनालीनं देवीचा चेहरा बघितलाच नव्हता. ती हात बघत राहिली होती.

"काका, हा दरवेळी उजवाच हात का दाखवतोय?"

उत्तर मनालीलाच सुचलं होतं, कारण तसाच एक हात तिच्या स्वतःच्या खांद्याला होता. जन्मली तेव्हा तीही निळी होती. हृदयात दोष, फुफ्फुसाकडं जाणारी वाट अरुंद. ती चार वर्षांची असताना तिच्या बापानं, केरबानं, तिला एसटीतून मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी उजव्या हाताकडं जाणारी मोठी नस कापून फुफ्फुसाला जोडली, म्हणजे तिथं जास्त रक्त जाईल. पुढं शाळेत असताना दुसरं, मोठं ऑपरेशन झालं आणि तिचे ओठ पहिल्यांदा गुलाबी झाले. केरबानं तेव्हा पोरीकडून बडबडगीतासारखं पाठ करून घेतलं होतं: उजव्या हातात नाडी शोधू नका, ती नस माझ्या फुफ्फुसाला दिलीय. आणि एक ताकीद दिली होती, बरी झालीस म्हणून दवाखाना सोडायचा न्हाय. बाप गेला, पण मनाली अजून दरवर्षी पुण्याला डॉक्टरीणबाईंकडं तपासून घ्यायची.

म्हणून तिला कळलं होतं, की त्या खुर्चीत देवी बसलेली नाही. तिच्यासारखीच एक पोर बसलीय, जिचं पहिलं ऑपरेशन झालं आणि दुसरं झालंच नाही.

दर्शनाची रांग पुढं सरकली. मनाली खुर्चीजवळ पोचली तेव्हा तिला आणखी दिसलं. देवीचा उजवा गाल सुजला होता. डोळे तापानं लाल. नमस्काराचं निमित्त करून मनालीनं तिच्या गुडघ्याला हात लावला, तर लुगड्यातूनही चटका बसला.

"नाव काय तुझं?" मनालीनं हळूच विचारलं.

देवी दचकली. बऱ्याच दिवसांत तिला कुणी नाव विचारलं नसावं. "राजनंदिनी," ती म्हणाली. मग सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवून पुटपुटली, "पानी द्या की थोडं."

तेवढ्यात माइक गरजला. "आईचं नऊ दिवसांचं निर्जळी व्रत कालपासनं चालू हाय! पान्याचा थेंब न्हाय! रोज सकाळी दर्शन, आनि नवव्या दिवशी महाभंडारा!"

मनालीनं हिशेब केला. असल्या माणसाचं रक्त घट्ट असतं. त्यात अंगात ताप, त्यात पाणी बंद. नवव्या दिवसापर्यंत ही पोर उरणारच नव्हती. आणि मग हाच माणूस देवी समाधिस्थ झाली म्हणून इथं देऊळ बांधणार होता.

ती व्यासपीठावरून उतरली नाही. महाराजांकडं वळली. "महाराज, तुमचं मशीन जरा मला लावा."

"दर्शन झालं असंल तर पुढं सरका ताई."

"सायन्स बोलंल म्हणालात ना? मग बोलू द्या की त्याला. लावा उजव्या दंडाला."

गर्दीला गंमत वाटली. "लावा, लावा," मागून आरोळ्या आल्या. पैलवानानंच पट्टा उचलून मनालीच्या दंडाला गुंडाळला. मशीन फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. आणि काचेवर तीच चूक झाल्याची खूण दाखवून गप्प झालं.

"आता नाडी बघा," मनाली म्हणाली.

पैलवानानं मनगट धरलं. बोटं सरकवली. त्यानं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. "हिला बी न्हाय!"

आता खरं म्हणजे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाडी नसलेल्या दोन बाया एका जागी उभ्या, म्हणजे यात काहीतरी समजण्यासारखं कारण आहे, एवढं पोराबाळांनाही कळावं. झालं भलतंच. पुढच्या ओळीतली एक म्हातारी धडपडत वर आली, "अगं बया, ही बी देवीच की!" म्हणत मनालीच्या पायावर पडली. मागच्या चार जणी आपापल्या ओट्या सावरत उठल्या. कुणीतरी फोनवर ओरडून सांगत होतं, कळंब्यात आणि एक देवी निघालीया, लवकर या.

मनालीला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता. "उठा आजी! आधी उठा. मी देवी न्हाय. मी दुधात पाणी घातलंय का ते बघते, पगार घेते, आणि वर्षातनं एकदा डॉक्टरला छाती दाखवते. देवीला कशाला लागतोय डॉक्टर?" आणि कुणाला काही कळायच्या आत ती खाली वाकली, राजनंदिनीच्या पायाच्या बोटावरल्या मशीनवरचं कुंकू तिनं अंगठ्यानं पुसलं आणि कॅमेरावाल्या पोराकडं बघून म्हणाली, "आता दाखव. आणि हलवू नकोस."

पडद्यावर चौऱ्याहत्तरच्या खाली दुसरा आकडा उमटला. एकशे अठरा.

"कोरोनात तुम्ही सगळ्यांनी हे मशीन बोटाला लावलंय. त्यावर दोन आकडे असायचे की न्हाई? दुसरा कशाचा होता?"

ज्या बाईचा नवरा ब्याऐंशीला गेला होता, तिनंच उत्तर दिलं. "नाडीचा."

"नाडीचा! ज्या बाईला नाडीच न्हाई म्हणून तुम्ही नारळ फोडताय, तिची नाडी मिनिटाला एकशे अठरा पडतीय, तापानं. आणि ह्या भल्या माणसानं नेमकी त्याच आकड्यावर कुंकवाची बोटं ओढलीत. कुंकू चुकून पडलं असंल, महाराज?"

महाराजांचं डोकं चालू होतं. ते हसले. माइक तोंडाजवळ ओढून मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "नाव काय म्हनला ताई आपलं?"

"मनाली."

"पुरं सांगा की."

"मनाली केरबा कांबळे."

"तरीच!" महाराजांनी हात पसरले. "भक्तांनो, ह्यांच्यात देव मानत न्हाईत. त्यांची चूक न्हाय. पन आईच्या कलशाला हात लागला तर कोप हुईल, आधीच सांगून ठेवतो."

गर्दीत चुळबुळ झाली. काही जण मागं सरकले. मनालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आडनावाचा हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. युक्तिवाद संपला की तो यायचाच.

"मी देव मानत न्हाई, बरोबर आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही तरी कुठं मानताय? तुम्ही तर देवीला पाणी पाजत न्हाई."

हंबीरराव आता पायऱ्या चढून वर आले होते. त्यांनी ठणकावलं. "महाराज, ह्या पोरीचं आडनाव इचारलं, आता माजं इचारा. हंबीरराव पाटील. मी देव मानतो. दर रविवारी डोंगर चढतो, आज ह्या तुमच्या तमाशापायी चुकला. आता मला दावा हो तुमच्या देवीचा डावा हात."

"डावा हात सोवळ्यात हाय! त्येला हात लावायचा न्हाय!"

"का? त्यात काय लपवलंय?"

महाराज उत्तर देणार एवढ्यात धातूचा आवाज झाला. राजनंदिनीनं दातांनी खणाची गाठ सोडून कलश खाली ठेवला होता. नारळ गडगडत व्यासपीठाच्या कडेला गेला. तिनं मोकळा झालेला डावा हात बघितला, मग पैलवानापुढं धरला. "बगा वं. मला बी कळू दे, मी हाय का न्हाय ते."

पैलवानानं तिच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवली मात्र, तो ओरडला, "हाय की! लई जोरात पळतीया!"

मनालीनं आपलाही डावा हात पुढं केला. "आणि माझी?"

"हिची बी हाय!"

राजनंदिनी मनालीकडं टक लावून बघत होती. "तुमच्या काखंखाली वन हाय का? मागं पाठीपतूर?" तिनं विचारलं. "मला हाय. आक्का म्हनती, ल्हानपनी झाडावरनं पडलीस. ह्ये म्हाराज म्हनत्यात, आईच्या त्रिशुळाचा हाय."

बायकांनी आपणहून कडं केलं, पदर पसरून आडोसा केला. मनालीनं कुडत्याची बाजू वर केली. तिचा वण त्यांनी बघितला, मग राजनंदिनीचा बघितला. मघाशी पाया पडलेल्या म्हातारीनं बोटानं दोन्ही चाचपले आणि तिचा चेहरा बदलला. "त्रिशूळ कसला मेला. दोनी अंगाला टाक्याचं बारकं बारकं वन हायती. मी जल्मभर वाकळा शिवल्या, टाका मला कळतुया. ह्ये कुनीतरी शिवलंय."

तिथंच, त्या कड्याच्या कडेला, एक बाई मागं सरकायला लागली. मलकापूरकडची, डोक्यावरून पदर, हातात प्रसादाचं ताट. राजनंदिनीची आई.

"आक्का," राजनंदिनी म्हणाली, "मी कवा पडलेली झाडावरनं?"

"न्हाय पडलीस," आक्का रडायला लागली. "मुंबईत आप्रेशन केलतं तुजं. डॉक्टर म्हनलं हुतं, ही निम्मी वाट झाली, थोडी मोटी झाली की परत आना. तुजा बा गेला. मला एकटीला कुटलं जमतंय. मग लगीन ठरंना. चिरफाड झालेली पोरगी कोन करून घेनार? म्हनून सांगितलं झाडावरनं पडली. तुला बी तेच सांगितलं, म्हंजे तू कुनाला बोलायची न्हाईस."

म्हणजे या बाईला स्वतःच्या छातीत काय आहे हे तीस वर्षं ठाऊक नव्हतं. दवाखान्यात गेली तर काय सांगणार होती? आईनं लग्नासाठी लपवलं आणि महाराजानं ते लपलेलं उचलून बाजारात मांडलं.

आता राजनंदिनीचा नवरा पुढं आला. विश्वजित त्याचं नाव. आतापर्यंत तो खुर्चीच्या मागं खाली मान घालून उभा होता. तो सासूवर ओरडेल असं वाटलं, पण तो ओरडला मनालीवर.

"दवाखान्यात न्या म्हननार ना तुमी? न्हेली की! दाढ सुजली, ताप आला, म्हनून दातवाल्याकडं न्हेली. त्यो म्हनला, हार्टचा पेशंट दिसतोय, मी हात लावनार न्हाय, हार्टवाल्याची चिठ्ठी आना. हार्टवाला म्हनला, हे जन्मापासनंचं दुखनं, हे मी बगत न्हाय, ल्हान मुलांच्याकडं जावा. तितं गेलो तर दारातला मानूस हसला. म्हनला, ल्हान मूल कुटाय? तीन आठवडं ताप हाय तिला. त्याच गेटवर हे म्हाराज भेटलं. ताई, सगळ्यांनी तिला लांबनं बगितली. हात कुनी धरला आसंल तर तो ह्यांनी धरला."

हे सगळं खरं होतं. भोंदूची दुकानं अशीच उघडतात. माणूस आधी शहाण्यांच्या दारातून हाकलला जातो, मग भोंदूच्या दारात जाऊन बसतो. जन्मतः हृदयात दोष असलेली पोरं आता जगतात, मोठी होतात, त्यांची लग्नं होतात. पण मोठं झाल्यावर त्यांनी कुठल्या दारात जायचं, याची पाटी फार थोड्या ठिकाणी लागलीय.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "ते चुकले. पण त्यांनी हात धरला न्हाई, आणि ह्यानं हात धरून तिला मारायला काढलीय. आज मी तुमच्याबरोबर येते. आज कोण पुढं ढकलतंय ते मी बघते."

मग ती गर्दीकडं वळली आणि लोकांना समजेल तसं, तिच्या बापानं तिला सांगितलं होतं तसं सांगितलं. शेताच्या एका तुकड्याला पाणी पोचत नसलं की आपण दुसरा पाट फोडून तिकडं वळवतो. डॉक्टरांनी उजव्या हाताचा पाट फुफ्फुसाकडं वळवला. हाताला आजूबाजूच्या बारक्या नसांतून झिरपून रक्त मिळतं, म्हणून तो जगतो, पण गार राहतो आणि त्यात ठोका लागत नाही. नाडीही लागत नाही आणि मशीनही चालत नाही. यात देवीचं काही नाही, मुंबईच्या डॉक्टरचं आहे.

"मग चौऱ्याहत्तर?" त्या विधवा बाईनं विचारलं. तिच्या आवाजात आता भक्ती नव्हती, धार होती. "माजं मालक ब्याऐंशीला गेलं, मग ही कशी ऱ्हायली?"

"कारण ही जन्मल्यापासून ह्याच आकड्याजवळ जगतीय, मावशी. हिच्या शरीरानं वर्षानुवर्षं जादा रक्त तयार करून कसंबसं भागवलंय. तुमच्या मालकांचं बघता बघता अठ्ठ्याण्णववरनं खाली आलं असणार, आणि फुफ्फुसंच गेली होती. त्यांच्या शरीराला शिकायला वेळ मिळाला न्हाई. त्यात त्यांचं पाप न्हाई आणि हिचं पुण्य न्हाई. पण हिचं जादा रक्त घट्ट असतं, काकवीसारखं. पाणी बंद केलं की मेंदूत गुठळी व्हायला कितीसा वेळ लागतोय? आणि ह्यानं कालपासून पाणी बंद केलंय."

ती बाई पुढं आली. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली, व्यासपीठाच्या पायऱ्या चढली, महाराजांना खांद्यानं बाजूला सारलं आणि देवीच्या तोंडाला बाटली लावली. राजनंदिनी घटाघटा पाणी प्यायली. पाणी हनुवटीवरून हारांवर सांडलं. नऊ दिवसांचं व्रत असं सगळ्यांच्या देखत मोडलं आणि पत्रे होते तिथंच राहिले, वीज पडली नाही, कोप झाला नाही.

"आता वळखलं मी तुला!" पैलवान एकदम महाराजांकडं बोट करून ओरडला. "कोरोनात हीच मशीनं विकत हुतास तू! आमच्या घरी दुप्पट भावानं दिलतंस!"

पकडल्यावर हा कुठल्या प्रकारात बसतो, हे मनालीला कळलं. महाराज पाया पडायला वाकले. तोवर हंबीररावांनी पोलिसांना फोन लावला होता. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आहे, तो फक्त कुणीतरी तोंड उघडायची वाट बघत असतो. महाराज मागच्या दारानं निघाले तेव्हा दारात बायका उभ्या होत्या.

दुपारी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"जन्मतः हृदयविकार, लहानपणी ऑपरेशन झालेलं, तीन आठवडे ताप," मनालीनं सांगितलं.

"जन्मतः? मग लहान मुलांचा विभाग मागच्या..."

मनालीनं खिडकीच्या कठड्यावर मूठ आपटली. आतल्या माणसाचा चहा सांडला. "साहेब, जन्माला आलेली मुलं मोठी होतात. तुम्हाला हे कुणी सांगितलं न्हाई का? हिला आज इथनं कुठं पाठवायचं न्हाई. डॉक्टरांना बोलवा!"

आलेला डॉक्टर तरुण होता. त्याला या दुखण्याची फारशी माहिती नव्हती, पण त्यानं तसं सरळ कबूल केलं, आणि तेवढ्यावर मनालीचा निम्मा राग उतरला. तिनं पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. त्या सांगत गेल्या, तो ऐकत गेला. औषध सुरू करण्याआधी रक्ताचे नमुने घ्या. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, हिच्या हृदयात भोक आहे, बुडबुडा थेट मेंदूत जाईल. तहानलेली ठेवू नका. सुजलेल्या दाढेतले जंतू हृदयाच्या आत जाऊन बसले असावेत, असं त्यांना वाटत होतं, आणि दोन दिवसांनी तपासणीत तेच निघालं. इंजेक्शनं काही आठवडे चालणार होती. अपुरं राहिलेलं ऑपरेशन आता करता येईल का, हे त्यानंतर मुंबईचे डॉक्टर बघणार होते. येईलच असं कुणी सांगितलं नाही, आणि मनालीनंही खोटा धीर दिला नाही.

पण ते पुढचं. त्या दुपारी राजनंदिनी खाटेवर पडली होती. कपाळावरचा मळवट आक्कानं ओल्या फडक्यानं पुसला होता आणि त्याखालून एक साधी, थकलेली, तापलेली बाई निघाली होती. घाईत असलेली परिचारिका आली आणि रक्तदाबाचा पट्टा तिनं सवयीनं उजव्या दंडाला गुंडाळायला घेतला. मनाली बोलायला पुढं झाली आणि थांबली.

"बाई, त्या हाताला नगं," राजनंदिनी म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "त्यात नाडी लागायची न्हाय. माजी ती नस डॉक्टरांनी फुफ्फुसाला दिलीया. डाव्या हाताला बांदा."

परिचारिकेनं पट्टा सोडला आणि दुसऱ्या बाजूला गेली. मशीन फुगलं, बसलं आणि काचेवर आकडे आले. विश्वजित ते आकडे बघत बायकोच्या पायाशी उभा होता आणि ढसाढसा रडत होता.

निळाईचं ते शेड आता बंद आहे. पण शेडांचा तुटवडा नाही, माइकचा नाही, आणि यशराजसारख्यांचा तर मुळीच नाही. उद्या आपल्याही गावात कुणीतरी मशीन घेऊन उभा राहील आणि सायन्स बोलतंय म्हणेल. तेव्हा हात जोडायच्या आधी एवढंच करा. त्यानं एक हात पुढं केला असेल तर त्याला दुसरा दाखवायला सांगा. आकडा दाखवला तर त्यावरचं कुंकू पुसून बघा. आणि देवी म्हणून कुणाला खुर्चीत बसवलंच असेल, तर तिला आधी तिचं नाव विचारा, आणि पाणी हवंय का तेही विचारा.